दृष्टिदोषांची चाळणी परीक्षा, प्रौढांतील

दृष्टीविषयी स्वतःहून तक्रार न करणाऱ्या प्रौढ व्यक्तींपैकी कोणाची दृष्टी कमी झाली असण्याचा संभव आहे, हे थोड्या वेळात व सोप्या साधनांनी ठरविण्याकरिता केलेली परीक्षा. धान्य चाळून खडे वेगळे काढावेत त्याप्रमाणे मोठ्या समूहातून संशयित व्यक्ती वेगळ्या काढणे एवढेच तिचे कार्य असल्यामुळे तिला ‘चाळणी परीक्षा’ म्हणतात. ती रोगनिदानाची जागा घेऊ शकत नाही. जिला दोष असण्याचा संभव आहे अशा व्यक्तीला नेत्रतज्ञाकडे पाठविणे व इतरांना निर्धास्त करणे, हे दोन निर्णय तिच्यावरून घेतले जातात. यांपैकी कोणताही निर्णय चुकल्यास त्याचे फळ परीक्षा घेणाऱ्यास नव्हे, तर परीक्षा दिलेल्या व्यक्तीस भोगावे लागते. म्हणून परीक्षेच्या अचूकतेस विशेष महत्त्व आहे.

प्रौढपणी दृष्टी बहुधा सावकाश मंद होते. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो व वयोमानाने असे व्हावयाचेच, या समजुतीने पुष्कळजण तक्रार करीत नाहीत. चाळिशीच्या सुमारास नेत्रभिंगाची लवचिकता कमी झाल्यामुळे जवळचे स्पष्ट दिसेनासे होते (चाळिशी लागणे). पुढे मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहजन्य जालपटलविकृती (डोळ्याच्या आतील प्रकाशसंवेदी पटलाची विकृती) व वार्धक्यातील पीतबिंदूचा अपकर्ष (जालपटलाच्या मध्यभागाचा ऱ्हास) यांचे प्रमाण वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मधील अहवालानुसार जगात किमान २२० कोटी लोकांची दूरची किंवा जवळची दृष्टी कमी असून त्यांपैकी किमान १०० कोटी लोकांचा दोष टाळता येण्याजोगा होता किंवा त्यावर अद्याप उपाय झालेला नव्हता. भारतात २०१५–१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत ५० वर्षे व त्यांवरील वयाच्या व्यक्तींत अंधत्वाचे प्रमाण १·९९ टक्के आढळले. त्यांतील सु. दोन तृतीयांश अंधत्व मोतीबिंदूमुळे, म्हणजे शस्त्रक्रियेने दूर होऊ शकणाऱ्या कारणामुळे, आलेले होते.

ऐतिहासिक माहिती : दृष्टितीक्ष्णता (बारीक तपशील वेगळा ओळखण्याची क्षमता) मोजण्याचे आजही सर्वांत प्रचलित असलेले साधन म्हणजे डच नेत्रविशारद हेर्मान स्नेलेन (१८३४–१९०८) यांनी उत्रेख्त येथे १८६२ मध्ये प्रसिद्ध केलेला अक्षरतक्ता होय. या तक्त्यातील प्रत्येक अक्षर ठराविक अंतरावरून डोळ्याशी ५ मिनिटांचा (१ अंश = ६० मिनिटे) व अक्षराची प्रत्येक रेघ १ मिनिटाचा कोन करते. ६ मी. अंतराकरिता असलेल्या अक्षराची उंची त्यामुळे सु. ८·७ मिमी. व ६० मी. अंतराकरिता असलेल्या अक्षराची सु. ८७ मिमी. असते. निष्कर्ष अपूर्णांकाच्या रूपात लिहितात. ६/१८ याचा अर्थ निकोप डोळ्यास १८ मी. वरून ओळखता येणारे अक्षर या व्यक्तीस ६ मी. वरूनच ओळखता येते, असा होतो. जवळच्या दृष्टीकरिता निरनिराळ्या आकारांच्या मुद्राक्षरांतील उतारे वापरण्याची पद्धत ऑस्ट्रियातील एडुआर्ट येगर यांनी १८५४ मध्येच रूढ केली होती. एडमंड लँडोल्ट यांनी १८८८ मध्ये एका बाजूस खंड असलेले वर्तुळ सुचविले. खंड कोणत्या दिशेस आहे एवढेच सांगावयाचे असल्याने अक्षरओळख नसली, तरी चालते.

स्नेलेन तक्त्यात काही उणिवा आहेत. ६०, ३६, २४, १८, १२, ९, ६ व ५ मीटरांच्या ओळींत आकार सारख्या प्रमाणात उतरत नाही. पहिल्या दोन ओळींतील प्रमाण १·६७, तर शेवटच्या दोन ओळींतील १·२ आहे. वरच्या ओळीत एकच अक्षर व खाली सात-आठ अक्षरे असल्याने प्रत्येक ओळीची कसोटी सारखी राहत नाही. शिवाय जवळजवळ असलेली अक्षरे सुट्या अक्षरापेक्षा ओळखण्यास कठीण असतात व हा दाटीचा परिणाम प्रत्येक ओळीत वेगळा होतो. या उणिवा टाळणारा तक्ता इअन बेली व जॅन लोव्ही यांनी मेलबर्न येथे तयार करून १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक ओळीत पाच अक्षरे असतात, अक्षरांमधील अंतर आकाराच्या प्रमाणात असते व प्रत्येक ओळ खालच्या ओळीच्या सु. १·२६ पट मोठी असते. त्यामुळे दर तीन ओळींनंतर आकार दुप्पट होतो. दृष्टितीक्ष्णता लॉगरिथमी श्रेणीत मांडली जाते : ६/६ म्हणजे ०, ६/१२ म्हणजे ०·३ व ६/६० म्हणजे १·०. एक ओळ ०·१ व एक अक्षर ०·०२ इतके धरल्याने निष्कर्ष ओळीऐवजी अक्षरागणिक लिहिता येतो. निरक्षरांसाठी याच तत्त्वावर चार दिशांना वळविलेल्या इंग्रजी ‘ई’ अक्षराचा तक्ता ह्यू टेलर यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केला.

अचूकतेची परिमाणे : चाळणी परीक्षेचा निष्कर्ष तज्ञाने केलेल्या संपूर्ण नेत्रतपासणीशी ताडून पाहतात. दोष असलेल्यांपैकी जितक्यांना परीक्षा पकडते, ते प्रमाण म्हणजे तिची ‘संवेदनशीलता’ व दोष नसलेल्यांपैकी जितक्यांना ती योग्य रीतीने सोडून देते, ते प्रमाण म्हणजे तिची ‘विशिष्टता’ होय. दोष असूनही सुटलेल्या व्यक्तींचा निष्कर्ष ‘मिथ्या नकारी’ व दोष नसताना अडकलेल्यांचा ‘मिथ्या होकारी’ म्हणतात.

ही परिमाणे चांगली असली, तरी तेवढ्याने परीक्षा उपयुक्त ठरत नाही, हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. एखाद्या परीक्षेची संवेदनशीलता ८० टक्के व विशिष्टता ९० टक्के आहे असे समजू. तपासलेल्या १,००० व्यक्तींपैकी १०० जणांना दोष असल्यास ८० जण पकडले जातील व २० सुटतील. निर्दोष ९०० पैकी ९० जण उगीचच अडकतील. म्हणजे रुग्णालयात पाठविलेल्या १७० पैकी ८० जणांना (४७ टक्के) खरोखरच दोष असेल. परंतु तोच दोष १,००० पैकी २० जणांनाच असेल, तर १६ पकडले जातील व ९८ जण व्यर्थ पाठविले जातील. म्हणजे पाठविलेल्या दर सात जणांपैकी सु. एकालाच दोष असेल. या प्रमाणास ‘होकारी भाकितमूल्य’ म्हणतात. दोष जितका विरळ तितके ते घटते. म्हणून सरसकट सर्वांना तपासण्याऐवजी पन्नाशी ओलांडलेल्या, मधुमेही किंवा काचबिंदूचा कौटुंबिक इतिहास असलेल्या व्यक्तींवर लक्ष केंद्रित केल्यास त्याच साधनाने अधिक विश्वसनीय निष्कर्ष मिळतात.

दृष्टी कोणत्या पातळीखाली गेल्यास पुढील तपासणी करावयाची, ही सीमा निवडण्यावरही अचूकता अवलंबून असते. सीमा ६/१८ वरून ६/१२ वर नेल्यास सौम्य दोषही पकडले जातात, पण मिथ्या होकारी निष्कर्ष वाढतात. पुढील तपासणीची सोय जवळ व विनामूल्य असेल, तर वरची सीमा परवडते. एक दिवसाची मजुरी बुडवून दूरच्या गावी जावे लागत असेल, तर प्रत्येक मिथ्या होकारी निष्कर्षाची किंमत मोठी असते आणि दोनदा व्यर्थ फेरी झालेली व्यक्ती तिसऱ्यांदा, खरा दोष असतानाही, जाईलच असे नाही.

चुकांची कारणे व उपाय : चाळणी परीक्षेतील बऱ्याच चुका साधनाच्या नसून ते वापरण्याच्या रीतीच्या असतात.

(१) अंतर : व्यक्ती ६ मी. ऐवजी ५·४ मी. अंतरावर बसल्यास अक्षरे सु. ११ टक्के मोठी भासतात व निष्कर्ष सु. अर्ध्या ओळीने फुगतो. तक्ता ३ मी. अंतराचा असेल, तर तेवढीच चूक केवळ ३० सेंमी. पुढे वाकल्याने होते. म्हणून अंतर पावलांनी न मोजता दोरीने किंवा फितीने मोजावे, जमिनीवर खूण करावी व पाठ खुर्चीला टेकलेली आहे हे पाहावे.

(२) प्रकाश : तक्त्याची तेजस्विता दर चौ.मी. ला ८० ते ३२० कँडेला असावी, असा आंतरराष्ट्रीय मानक संकेत आहे. वाढत्या वयात बाहुली लहान होते व नेत्रभिंग पिवळसर पडते. त्यामुळे अंधुक खोलीत वृद्धांची दृष्टी तरुणांपेक्षा अधिक घटलेली दिसते. याउलट खिडकीकडे तोंड करून बसविल्यास डोळे दिपतात.

(३) डोळा झाकणे : बोटांनी डोळा झाकल्यास फटींतून दिसते व डोळ्यावर दाब पडल्यास तो उघडल्यावर काही वेळ अंधुक दिसते. तळहाताचा खोलगा किंवा अपारदर्शक झाकण वापरावे. प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे तपासावा. दोन्ही डोळे एकत्र तपासल्यास एका डोळ्याचे अंधत्वही लपून राहू शकते. दुसऱ्या डोळ्यासाठी अक्षरांचा क्रम बदललेला तक्ता नसल्यास व्यक्ती डोळ्यांनी न वाचता आठवणीने वाचते.

(४) चष्मा व डोळे बारीक करणे : दूरचा चष्मा असल्यास तो लावूनच परीक्षा घ्यावी, कारण दैनंदिन व्यवहारातील दृष्टी कळणे अभिप्रेत असते. तथापि फक्त वाचनाचा चष्मा लावून दूरचा तक्ता वाचावयास लावल्यास निकोप डोळाही अपात्र ठरतो. डोळे बारीक केल्याने पापण्यांची फट सूक्ष्म छिद्राप्रमाणे कार्य करते व प्रणमनदोष (डोळ्यात शिरणारे किरण जालपटलावर केंद्रित न होण्याचा दोष) झाकला जातो.

(५) अक्षरओळख : न दिसणे व न वाचता येणे यांत गल्लत होता कामा नये. रोमन अक्षरे परकी असणाऱ्या व्यक्तीस दिशादर्शक ‘ई’ किंवा लँडोल्ट वर्तुळ दाखवावे व हाताने दिशा दाखविण्यास सांगावे. देवनागरी तक्ते सोयीचे असले, तरी सर्व अक्षरे सारखी गुंतागुंतीची नसतात. ‘र’ व ‘क्ष’ एकाच उंचीचे असूनही सारखे सुवाच्य नाहीत आणि शिरोरेषा सर्वांना समान असल्याने तिच्यापासून ओळखीस मदत होत नाही. म्हणून अक्षरे पारखून निवडावी लागतात.

(६) अंदाज : ‘ई’ च्या चार दिशांपैकी एक निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची संभाव्यता एक चतुर्थांश असते. पाचपैकी तीन उत्तरे बरोबर असल्यास उत्तीर्ण धरले, तर काहीही न दिसणारी व्यक्ती सु. १० टक्के वेळा उत्तीर्ण होईल. पाचपैकी चारची अट घातल्यास हे प्रमाण सु. १·६ टक्क्यावर येते. एवढ्याशा नियमाने चूक सहापटीहून अधिक कमी होते. दुसरीकडे, वृद्ध व्यक्ती चुकण्याच्या संकोचाने लवकर ‘दिसत नाही’ म्हणतात. त्यांना वेळ देऊन अंदाज करण्यास उत्तेजन द्यावे. तसे न केल्यास धीटपणा व भिडस्तपणा यांचेच मापन होते.

(७) मापनातील चढउतार : चांगल्या तक्त्यावरही तीच व्यक्ती लागोपाठ दोन वेळा तपासल्यास निष्कर्षात एक ओळ किंवा थोडा अधिक फरक पडू शकतो. सीमेच्या अगदी जवळ असलेल्यांची परीक्षा म्हणून पुन्हा घ्यावी. काही व्यक्तींची दुसऱ्या परीक्षकाने स्वतंत्र तपासणी करून दोहोंतील मेळ पाहणे, हा कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण पुरेसे झाले आहे की नाही हे जाणण्याचा उत्तम मार्ग आहे.

सूक्ष्मछिद्र परीक्षा : दृष्टी कमी आढळल्यावर सु. १ ते १·२ मिमी. व्यासाच्या छिद्रातून तोच तक्ता पुन्हा वाचावयास लावतात. छिद्रातून किरणांची बारीक शलाकाच आत शिरत असल्यामुळे जालपटलावरील प्रतिमेचा अंधुकपणा कमी होतो. छिद्रातून वाचन सुधारल्यास दोष बहुधा चष्म्याने सुधारण्याजोगा असतो. न सुधारल्यास मोतीबिंदू, जालपटल किंवा दृक् तंत्रिका (डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी मज्जा) यांच्या विकारांचा संशय घेतात. अत्यल्प खर्चाच्या या साधनाने चष्म्यासाठी व रुग्णालयात पाठवावयाच्या व्यक्ती वेगळ्या करता येतात. तथापि सुरुवातीच्या मोतीबिंदूतही वाचन थोडे सुधारू शकते, म्हणून हा निष्कर्ष अंतिम मानीत नाहीत.

अक्षरतक्त्याच्या मर्यादा : तक्ता अचूकपणे वाचणारी व्यक्ती निरोगी डोळ्यांची असतेच असे नाही. काचबिंदूमध्ये दृक्‌क्षेत्र (एका जागी नजर स्थिर असता दिसणारा प्रदेश) कडेकडून नष्ट होत असून मध्यवर्ती दृष्टी अखेरपर्यंत टिकू शकते. ६/६ वाचणाऱ्या डोळ्याचे बरेचसे दृक्‌क्षेत्र कायमचे गेलेले असू शकते [→ काचबिंदू]. केवळ नेत्रांतर्गत दाब मोजूनही ही उणीव भरून निघत नाही. अमेरिकेतील बॉल्टिमोर शहरात झालेल्या व १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत काचबिंदू असलेल्या डोळ्यांपैकी निम्म्याहून अधिक डोळ्यांचा दाब एका वेळच्या मापनात पाऱ्याच्या २२ मिमी. पेक्षा कमी, म्हणजे सामान्य समजल्या जाणाऱ्या मर्यादेत, आढळला. म्हणून दृक् तंत्रिकेच्या शीर्षाची तपासणी व दृक्‌क्षेत्रमापन यांची जोड द्यावी लागते. मधुमेहजन्य विकृतीही उपचारास योग्य अवस्थेत असताना दृष्टी बहुधा शाबूत असते. तिच्यासाठी जालपटलाची छायाचित्रे घेतात. पीतबिंदूच्या विकारात सरळ रेषा वाकड्या दिसतात. हे ओळखण्यासाठी स्विस नेत्रविशारद मार्क आम्सलर यांची चौकटींची जाळी उपयोगी पडते, पण केवळ तिच्यावर विसंबल्यास बरेच रुग्ण सुटतात. फिकट अक्षरांचा १९८८ मधील पेली–रॉब्सन तक्ता भेददृष्टी मोजतो. काळ्या अक्षरांच्या तक्त्यावर उत्तीर्ण झालेली व्यक्ती संधिप्रकाशात पायरी का चुकते, याचे स्पष्टीकरण त्यावरून मिळू शकते.

जवळची दृष्टी वेगळी तपासणे आवश्यक आहे. २०१९ च्या उपर्युक्त अहवालात चाळिशीच्या दोषावर उपाय न झालेल्यांची संख्या ८२·६ कोटी अंदाजिलेली आहे. शिवणकाम, धान्य निवडणे, औषधाच्या वेष्टनावरील मजकूर वाचणे अशा कामांत अडणारी ही माणसे दूरच्या तक्त्यावर निर्दोष ठरतात. केवळ ‘तुम्हाला नीट दिसते का?’ असे विचारणे हा तक्त्याला पर्याय नव्हे. प्रश्नावलीची अचूकता तक्त्यापेक्षा कमी आढळली आहे.

नवी साधने : केनियातील नाकुरू भागात तपासून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोबाइल फोनवरील ‘ई’ परीक्षेचे निष्कर्ष प्रमाणित तक्त्याशी जुळणारे आढळले. अक्षरे यदृच्छ क्रमाने येत असल्याने त्यांत पाठांतरास वाव राहत नाही. परंतु अंतर मोजण्याची गरज कायम राहते. जालपटलाच्या छायाचित्रांवरून संगणकाने मधुमेहजन्य विकृती ओळखण्याच्या पद्धतीचे महत्त्वाचे संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले व त्यात भारतीय नेत्ररुग्णालयांतील छायाचित्रांचाही उपयोग केलेला होता. अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळालेल्या अशा एका यंत्रणेची संवेदनशीलता ८७·२ टक्के व विशिष्टता ९०·७ टक्के आढळली. मात्र मोतीबिंदूमुळे छायाचित्र अस्पष्ट आल्यास यंत्रणा निर्णय देऊ शकत नाही. अशा व्यक्तीस ‘दोष नाही’ या गटात न टाकता पुढील तपासणीसाठी पाठविणे अगत्याचे असते.

भारतातील कार्य : भारतात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. त्यातील अंधत्वाची व्याख्या २०१७ मध्ये बदलून ६/६० ऐवजी ३/६० पेक्षा कमी दृष्टी अशी जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येशी जुळती करण्यात आली. त्यामुळे जुन्या व नव्या पाहण्यांची आकडेवारी ताडताना सीमा कोणती होती, हे पाहावे लागते. वाहनपरवान्याच्या अर्जासोबत अर्जदाराने स्वतः द्यावयाच्या घोषणापत्रात २५ मी. अंतरावरून चांगल्या उजेडात मोटारीची क्रमांकपट्टी ओळखता येते का, असा प्रश्न असतो. ही व्यवहारास धरून असलेली कसोटी आहे. पण उत्तर अर्जदारानेच द्यावयाचे असल्याने व दृक्‌क्षेत्राची त्यातून कल्पना येत नसल्याने चाळणी म्हणून तिचे मूल्य मर्यादित आहे.

परीक्षेनंतरची व्यवस्था : जे. एम. जी. विल्सन व जी. युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ मध्ये मांडलेल्या निकषांनुसार उपचार उपलब्ध असतील, तरच चाळणी परीक्षा समर्थनीय ठरते. ब्रिटनमध्ये ७५ वर्षे व त्यांवरील वयाच्या व्यक्तींवर केलेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात तीन ते पाच वर्षांनंतर चाळणी परीक्षा झालेल्या व न झालेल्या गटांच्या दृष्टीत उल्लेखनीय फरक दिसला नाही. अमेरिकेतील प्रतिबंधक सेवाविषयक कृतिदलानेही २०२२ मध्ये, ६५ वर्षे व त्यांवरील व्यक्तींत अशा परीक्षेचे लाभ-हानी ठरविण्यास पुरावा अपुरा असल्याचे मत दिले. दोष सापडला, तरी चष्मा मिळेपर्यंत किंवा शस्त्रक्रिया होईपर्यंत पाठपुरावा झाला नाही, तर अचूक परीक्षेनेही कोणाची दृष्टी सुधारत नाही. म्हणून शिबिरात किती जणांना तपासले यापेक्षा पाठविलेल्यांपैकी किती जण पोहोचले व त्यांपैकी किती जणांना नंतर अधिक दिसू लागले, ही नोंद अधिक महत्त्वाची होय. उत्तीर्ण झालेल्यांना द्यावयाच्या चिठ्ठीवर केवळ ‘दृष्टी चांगली’ असे न लिहिता कोणती परीक्षा झाली, कोणती झाली नाही व पुन्हा केव्हा तपासावे, हे लिहिणे इष्ट आहे. मिथ्या निर्धास्तपणामुळे होणारी हानी टाळण्याचा हा सर्वांत सोपा उपाय आहे.